आप्पांचा कप्पा

मनोहर दिवटे वारले त्याला सात महिने होऊन गेले होते, आणि टोपलीतल्या त्यांच्या कप्प्यात अजून कपडे पडत होते.

खरं तर हे का होतंय ते त्यांच्या मुलीला, केतकीला, सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, कारण ती टोपली तिच्याच हातची. इचलकरंजीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत घरगुती प्लास्टिकच्या वस्तू बनवणारा एक कारखाना होता, तिथं ती आराखडे करायची. साठवणीचे डबे, एकात एक बसणारी घमेली, पलंगाखाली सरकणारे खोके असलं काहीबाही नऊ वर्षं केल्यावर तिच्या वाट्याला हे काम आलं आणि तिनं ते जीव ओतून केलं. कमरेएवढी उंच, खाली चार चाकं, रिकामी झाली की घडी घालून दाराआड उभी करता येणारी मळक्या कपड्यांची टोपली. आत हवा खेळती राहावी म्हणून बाजूंना कापडासारखी उभीआडवी वीण. ही वीण तिनं वडिलांकडून, आप्पांकडून, समजून घेतली होती. आप्पा चाळीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग कुठं अडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे.

पण टोपलीचं खरं कौतुक होतं तिच्या नाकात. शहरात नळाला चार दिवसाआड पाणी यायचं. एकदा अंगाला लागलेला प्रत्येक कपडा भिजवायचा म्हणजे पाण्याची नासाडी, आणि कोणाचा कुठला, मळका किती, हे निवडत बसायचं म्हणजे घरातल्या बाईच्या नाकी नऊ. म्हणून या टोपलीच्या झाकणाखाली बोटभर रुंद पट्टी होती आणि पट्टीवर चौसष्ट बारीक ठिपके. माणसाच्या कातडीतून सतत किंचित तेल पाझरतं, त्या तेलावर डोळ्यांना न दिसणारे जंतू जगतात, आणि दोघांच्या या संसारातून शेकडो प्रकारच्या वाफा निघतात. कुठली वाफ किती, याचं प्रमाण प्रत्येक माणसाचं वेगळं. कपडा वरून टाकला की ठिपक्यांतून वाहणारी वीज त्या वाफांमुळं कमीजास्त होते आणि चौसष्ट आकडे तयार होतात. तो त्या माणसाचा ठसा. टोपली हा ठसा आपल्याजवळच्या ठशांशी ताडून बघते, ज्याच्याशी तो सगळ्यांत जवळचा त्याच्या कप्प्याकडं आतली पाती वळवते, आणि कपडा खाली घसरतो. वास चांगला की वाईट हे तिला कळत नाही. तिला फक्त कोणाचा ते कळतं.

जाहिरातीत तिचं नाव ‘निवड’ असं होतं. कारखान्यात सगळे तिला नाकवाली टोपली म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी पहिला नमुना केतकीनं घरीच आणला. घरात माणसं तीन, कप्पे तीन. आईचा हिरवा, केतकीचा निळा, आप्पांचा विटकरी. आप्पांना तेव्हा कंपवात होता, हात लटपटायचे, पण टोपलीची त्यांना फार गंमत वाटली. एकच रुमाल पाच-पाच वेळा वरून टाकायचे आणि तो विटकरी कप्प्यात पडला की म्हणायचे, “ओळखलं बघ मला.”

ते गेल्यावर त्यांचा कप्पा बंद करायचा, ठसा पुसायचा, हे केतकीच्या हातून झालं नाही. उद्या करू, परवा करू. पाचव्या महिन्यात एका सकाळी आईनं आपली मोरपंखी साडी टोपलीत टाकली आणि ती विटकरी कप्प्यात पडली.

केतकीची आई शालन ही काही भाबडी बाई नव्हती. तीस वर्षं तिनं घरी बसून कापडाचं मेंडिंग केलं होतं. मागावरून उतरलेलं कापड मेजावर पसरायचं, गाठी चिमट्यानं काढायच्या, तेलाच्या डागांवर डागाचं औषध फवारायचं. कापडातला दोष तिच्या नजरेतून सुटत नसे. पण त्या दिवशी ती टोपलीसमोर बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी पोलकं, मग पुन्हा साडी. आठवड्यातून दोन कपडे, मग चार. आणि केतकी एकदा कामावरून परतली तर आई विटकरी कप्पा ओढून, त्याच्याशी बोलत बसलेली.

“काय करायलीस आई?”

“सांगत होते त्यांना. आज मंडईत घेवडा चांगला आलाय म्हणून.” आईनं कप्पा हलकेच आत ढकलला. “तू हसशील. पण माझी साडी तेच ओढून घेत्यात बघ. एकटं करमत नसंल.”

केतकी हसली नाही. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याचबरोबर तिला बरंही वाटलं, हे कबूल करायला हवं. आप्पा गेल्यापासून आई धड जेवत नव्हती. गॅसवर दूध करपून घरभर वास सुटायचा आणि ती शेजारीच खुर्चीत बसून असायची. दुःखानं माणसाचं भान जातं, असं केतकी धरून चालली होती. विटकरी कप्पा भरू लागला तशी आई जेवू लागली, केसांना तेल लावू लागली. घरात पुन्हा दोघींच्या भाजीत मीठ पडू लागलं.

तरी केतकी निर्धास्त नव्हती. कारण साडी विटकरी कप्प्यात का पडते हे आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं; आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

आप्पांच्या दहाव्याला आईनं सगळं रीतीप्रमाणं केलं होतं. त्यांचे धुवट कपडे बांधून देऊन टाकले, अंगावरचे पंचगंगेला सोडले. मागं काही ठेवायचं नाही, ठेवलं तर जीव घोटाळतो, असं म्हणत तिनं उशीचा अभ्रासुद्धा राहू दिला नाही. पण आदल्या दिवशीच केतकीनं एक न धुतलेली बंडी काढून घेतली होती. तिच्याच आराखड्याचा एक डबा होता, लोकरीचे कपडे वर्षभर ठेवण्यासाठी केलेला, झाकणाला दुहेरी रबर, आतली हवा बाहेर नाही आणि बाहेरची आत नाही. त्या डब्यात तिनं बंडी ठेवली आणि डबा टोपलीच्या बुडाशी, विटकरी कप्प्याखालच्या रिकाम्या जागेत दडवला. कधीतरी आई खाली गेली की ती झाकण जरासं उचलायची, नाक लावायची आणि पुन्हा घट्ट मिटायची. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

म्हणजे डबा गळतोय, असा तिचा हिशेब. आप्पांचा वास रबरातून झिरपतोय, टोपलीच्या पट्टीला लागतोय, म्हणून टोपली फसतेय. तिनं रबर बदललं. दुसरं आणलं. झाकणाची कड घासून पुन्हा बसवली. दोन महिने ती एका निरपराध डब्याच्या मागं लागली होती. शेवटी तिनं डबा उचलून कारखान्यातल्या आपल्या कपाटात नेऊन ठेवला, पट्टी नवी घातली, टोपली दोन दिवस उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी आईची साडी, गाऊन, टॉवेल, सगळं विटकरी कप्प्यात.

मग मात्र ती घाबरली. ती शिकलेली होती, आराखडे करणारी होती, आणि त्या दुपारी तिला स्वतःच्या घरातल्या टोपलीजवळ जायचं धैर्य होईना.

तबस्सुम मुजावर ही कारखान्यातली रसायनांची माणूस. टोपलीचं नाक तिनं बनवलेलं. केतकीनं तिला सगळं सांगितलं, बंडीसकट, आणि सांगताना रडली. तबस्सुमनं मध्ये एकदाही टोकलं नाही. मग तिनं केतकीच्या घरच्या टोपलीतले दोन वर्षांचे आकडे पडद्यावर उघडले. आईचा ठसा एक ठिपका होऊन पडद्यावर होता, महिन्यामहिन्याला थोडाथोडा सरकत आप्पांच्या ठिपक्याकडं चाललेला. बंडी डब्यात जायच्या आधीपासून.

“आप्पांचा ठसा तू कधी घेतलास?” तिनं विचारलं.

“टोपली घरी नेली तेव्हा. दोन वर्षांपूर्वी.”

“तेव्हा त्यांना कंपवात होऊन किती वर्षं झालेली?”

“चार.”

तबस्सुमनं खुर्ची तिच्याकडं वळवली. “मग या टोपलीनं निरोगी आप्पा कधी पाहिलेच नाहीत, केतकी.”

पुढचं तिनं सावकाश सांगितलं. कंपवात हा हातापायांचा आजार दिसतो, पण तो कातडीच्या तेलातही उतरतो. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी त्या तेलातले घटक बदलू लागतात आणि वास बदलतो. आपल्या नाकांना तो कळतोच असं नाही. या पट्टीला कळतो. ज्याला आपण इतके दिवस आप्पांचा ठसा म्हणत होतो त्यात आप्पा थोडे होते आणि आजार पुष्कळ होता. आता आईचा ठसा त्याच्या जवळ गेलाय.

“दोघांनाही कसा होईल?” केतकीनं विचारलं.

तबस्सुम म्हणाली की नक्की कोणीच सांगू शकणार नाही. पण तुझ्या घरात तीस वर्षं डागाचं औषध फवारलं जात होतं, आणि त्यातल्या काही जुन्या द्रावणांवर पूर्वीपासून संशय आहे. मग तिनं अगदी सहज विचारावं तसं विचारलं, “काकूंना वास येतो का गं? या आजारात सगळ्यांत आधी तो जातो.”

केतकीला करपलेलं दूध आठवलं. एकदा नाही, चार वेळा. खुर्चीत शेजारी बसलेली आई आठवली.

नमुन्याच्या टोपल्या शंभर घरांत दिल्या होत्या. तबस्सुमनं आप्पांचा ठसा त्या सगळ्या घरांच्या आकड्यांवर लावून पाहिला. दोन माणसं जुळली. एक जयसिंगपूरचे आजोबा, त्यांना आजार असल्याचं सगळ्यांना माहीत होतं. दुसरा माणूस पन्नाशीचा, त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

दोघी कारखान्याचे मालक भोजे साहेब यांच्याकडं गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, केतकीला पाणी दिलं, आईची चौकशी केली. मग म्हणाले की आपण टोपल्या विकतो, रोगनिदान विकायचा परवाना आपल्याकडं नाही. एखाद्या घरात चुकीचं काही सांगितलं गेलं तर आपण सगळेच रस्त्यावर येऊ. माणसाचा वास हळूहळू बदलला तर टोपलीनंही गुपचूप आपला ठसा सुधारून घ्यावा, अशी दुरुस्ती सगळ्या टोपल्यांत सोमवारी पाठवायची, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे कपडे पुन्हा ज्याच्या त्याच्या कप्प्यात पडतील आणि तक्रार उरणार नाही.

ही दुरुस्ती लिहिण्यात केतकीचा स्वतःचा हात होता. अर्धवट राहिलेल्या कामांच्या यादीत ती सहा महिन्यांपासून होती.

बसमधून घरी येताना तिच्या मनात जे आलं ते तिनं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही. सोमवारपर्यंत गप्प बसलं तर सगळं आपोआप मिटेल. साड्या हिरव्या कप्प्यात जातील. आई चार दिवस रडेल, आप्पा निघून गेले म्हणेल, आणि मग सावरेल. आजार यायचा तेव्हा येईल. पण वर्षभरापूर्वी एक गोळी आली होती. हात थरथरायच्या आधी सुरू केली तर ती आजार कित्येक वर्षं पुढं ढकलायची; एकदा थरथर सुरू झाली की तिचा उपयोग नसे. आप्पांचे हात थरथरू लागले तेव्हा ती नव्हती. आईच्या वेळी आहे. सांगितलं तर आईला ती वर्षं मिळणार होती आणि आप्पा पुन्हा एकदा मरणार होते.

शनिवारी दुपारी आई जमिनीवर बसून टोपलीची चाकं पुसत होती. केतकी तिच्या शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. बंडीचं तेवढं सोडून. ते सांगायची तिला लाज वाटली.

आई फडकं हातात धरून ऐकत राहिली. वास कधीपासून येत नाही म्हणून विचारल्यावर म्हणाली, तीन वर्षं झाली असतील. तुझ्या आप्पांच्या दुखण्यात माझं कशाला काढायचं, म्हणून बोलले नाही.

“म्हणजे ते आलेच न्हाईत म्हण,” आई म्हणाली.

“नाही आले, आई.”

आईनं मान हलवली. मग उठून तिनं फडकं धुतलं, पिळलं, दांडीवर टाकलं, आणि आत जाऊन पडली. त्या दिवशी संध्याकाळी ती जेवली नाही.

तिची तपासणी झाली, निदान तेच निघालं, गोळी सुरू झाली. सोमवारची दुरुस्ती सगळ्या टोपल्यांत गेली. केतकीनं फक्त आपल्या घरची टोपली तिच्यातून वगळली, आणि तबस्सुमनं रविवारीच, साहेबांना न विचारता, त्या पन्नाशीच्या माणसाचं घर गाठून त्याला समोर बसवून सांगितलं. बाकीच्या टोपल्या आता कुठल्याही घरात, कोणाच्याही बदलल्या वासाबद्दल काही बोलत नाहीत. हे केतकीला आजही खुपतं.

गोळीचा गुण आला की कातडीतलं तेलही हळूहळू पूर्ववत होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अडीच महिन्यांनी, एका गुरुवारी, आईची मोरपंखी साडी हिरव्या कप्प्यात पडली. केतकीला नाचावंसं वाटलं. तिनं वळून आईकडं बघितलं आणि तिचा आनंद जागच्या जागी थिजला. आईनं साडी काढली, झाकण उघडून पुन्हा वरून टाकली. पाती वळली. हिरवा. पुन्हा काढली, पुन्हा टाकली. पाचव्या वेळेला केतकीनं तिचा हात धरला.

“असू दे,” आई म्हणाली. “बरं झालं. बरंच झालं म्हणायचं.”

आणि पुढच्या महिन्यात साड्या परत विटकरी कप्प्यात पडायला लागल्या.

डॉक्टरांना विचारायला केतकीनं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. टोपली फसत नाही, हे एव्हाना तिला कळलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली. आई पोहे निवडत होती.

“आई, गोळ्या कुठं टाकतेस?”

आईनं निवडलेले पोहे सुपात गोळा केले, सूप बाजूला ठेवलं. मग फळीवरचा पोह्यांचा डबा काढला, तोही केतकीच्याच आराखड्याचा, आणि तळाशी हात घालून कागदाची एक पुरचुंडी काढून मेजावर ठेवली. पांढऱ्या गोळ्या, सव्वीस.

“तुला ठाऊक आहे यानं काय होईल ते?”

“सगळं ठाऊक हाय. सहा वर्षं बघितलं की मी, रोज घास भरवत.” आईचा आवाज चढला नाही. “मला वास येत न्हाई, केतकी. घरात कुठं बी नाक लावलं तरी ते न्हाईत. कपडे मी सगळे दिले, रीत म्हणून दिले, एक रुमाल मागं ठेवला न्हाई. त्या कप्प्यात साडी पडायची तेवढंच मला दिसायचं. आजार तर आजार. त्यांचाच हाय न्हवं?”

केतकीला तेव्हा कुठं कळलं. आई आजारासाठी हटून बसली नव्हती. आप्पांना राहायला कुठंतरी जागा हवी होती, आणि दुसरी जागा नसल्यानं तिनं आपलं अंग दिलं होतं. ती दुसरी जागा, ती बंडी, वर्षभर आपल्याजवळ डब्यात बंद आहे, हे केतकीला ठाऊक होतं, आणि आपण ती आईपासून चोरली हेही.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. आईसमोर ठेवला आणि सांगितलं. दहाव्याच्या आदल्या दिवसापासूनचं सगळं.

आईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. केतकीनं आयुष्यात आईचा मार फारसा खाल्ला नव्हता. त्या क्षणी तो मिळाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“तू वास घेत होतीस,” आई म्हणाली. “इतके दिवस. एकटीच.”

“चुकलं, आई.”

आईनं डबा ओढून घेतला. झाकण निघेना, दुहेरी रबराचं ते. केतकीनं पुढं होऊन कड सोडवली. आईनं बंडी दोन्ही हातांनी बाहेर काढली, चेहऱ्यावर दाबली आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग बंडी खाली घेतली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच केतकीला बघवेना.

“मला काय बी येत न्हाई गं.”

केतकीनं तिच्या हातातून बंडी हळूच घेतली. टोपली ओढत तिच्यापुढं आणली आणि झाकण उघडून बंडी वरून सोडली. आतली पाती क्षणभर थांबली, मग वळली. बंडी विटकरी कप्प्यात पडली.

आईनं कप्पा ओढला, बंडीवर हात ठेवला आणि मग ती रडली. नवरा गेल्यावर रडली नव्हती इतकी. रडणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले, पुरचुंडी सोडली, एक गोळी तोंडात टाकली आणि पाणी मागितलं.

वास किती दिवस राहील म्हणून तिनं विचारलं. केतकीनं खोटं सांगितलं नाही. डबा बंद ठेवला तर आणखी काही वर्षं. बाहेर काढून हातात घेतली, तर तीन-चार महिने. आई म्हणाली, डब्यात ठेवून मला काय करायचंय.

तेव्हापासून बंडी आईच्या उशाशी असे. दुपारी टीव्ही बघताना मांडीवर असे, कोणाला फोन करताना खांद्यावर असे. आणि दर रविवारी सकाळी, अंघोळ झाली की, आई ती टोपलीत वरून टाके. केतकी चहाचा कप हातात घेऊन दारात उभी राही. पाती वळायची, बंडी विटकरी कप्प्यात पडायची, आई “हं” म्हणायची आणि गोळी घ्यायची. तिच्या साड्या एव्हाना सगळ्या हिरव्या कप्प्यात पडत होत्या. विटकरी कप्प्यात आठवड्याला एकच कपडा, तोही रविवारपुरता.

प्रत्येक रविवारी पाती थोडी जास्त वेळ थांबू लागली. हे केतकीला दिसत होतं. आईलाही दिसत असावं.

आप्पांच्या वर्षश्राद्धानंतर काही महिन्यांचा तो रविवार होता. आईनं बंडी टाकली. पाती थांबली. केतकीनं कप खाली ठेवला. टोपलीच्या आत कापड घसरल्याचा बारीक आवाज आला, आणि विटकरी कप्पा रिकामाच राहिला. बंडी हिरव्या कप्प्यात पडली होती, आईच्या दोन साड्यांवर.

केतकीचा जीव टांगणीला लागला. आई बंडी काढेल, पुन्हा टाकेल, पाच वेळा टाकेल, आणि उद्यापासून गोळ्या पुन्हा पोह्यांच्या डब्यात जातील. ती घाईघाईनं सांगू लागली की इतके महिने तुझ्या हातात होती, उशाशी होती, तुझंच तेल तिला लागलंय, त्यांचा वास संपला असं नव्हे, तुझा वर आलाय इतकंच.

“कळलं मला,” आई म्हणाली.

तिनं हिरवा कप्पा पूर्ण ओढला. बंडीची घडी विस्कटली होती ती हातानं सारखी केली. गळ्याजवळ एक शिवण उसवली होती, तिच्यावरून बोट फिरवलं. ते बोट जरासुद्धा थरथरलं नाही. मग तिनं आजची गोळी घेतली, पाणी प्यायली आणि दोन साड्यांसकट बंडी उचलून केतकीच्या हातात दिली.

“नळाला पाणी आलंय,” ती म्हणाली. “माझ्या साड्यांबरोबर भिजव. आता धुतली तरी चालंल.”